आपाचे निरोप

हिलेवी तळघरातल्या धुलाईच्या खोलीत मशीनमधून ओल्या चादरी काढत होती तेव्हा तिचा फोन वाजला. नंबर परदेशातला होता. अशा नंबरांवरून काहीतरी विकणारे लोक बोलतात, म्हणून तिने तो घेतला नाही. तो पुन्हा वाजला.

"तू हिलेवी?" पुरुषाचा आवाज. इंग्रजी शब्द शोधून शोधून बोलत होता. "मी एलामान. बेगिमाईचा दादा. ती तुझ्याजवळ आहे का?"

"नाही, वर्गात गेलीय. काय झालं?"

"तू एकटी आहेस?"

"हो."

"आमची आई गेली. काल माती दिली. बेगिमाईला सांगायचं नाही."

हिलेवीच्या हातातली चादर तशीच राहिली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "मग मला कशाला सांगताय?"

"कारण अख्ख्या गावाच्या हातात फोन आहेत. सगळ्यांना बजावलंय, तिला काही लिहू नका. पण एखादा गाढव निघतोच. तिला तसं कुठून कळलं, तर तिच्याजवळ एक माणूस पाहिजे. तिने घरी दिलेला नंबर तुझाच आहे."

"मी तिच्याशी खोटं बोलणार नाही."

"खोटं बोलायला मी आहे. तू फक्त गप्प राहा. परीक्षा झाली की ती येतेच आहे. चाळिसाव्या दिवसाच्या विधीआत पोचते. तेव्हा वडील सांगतील." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आईचंच म्हणणं होतं हे. तिला आपलं दुखणं उन्हाळ्यातच कळलं होतं. पोरीला पाठवायचं, आणि मधेच बोलवायचं नाही. म्हणाली, मला बघायला येईल आणि परत जाणारच नाही."

हिलेवीने "बरं" म्हटलं. पुढे तिला वाटत राहिलं, की त्या एका "बरं"ला तो शब्द दिला असं समजला असणार.

उमिओ या उत्तरेकडच्या शहरातल्या त्या वसतिगृहात एका बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या होत्या आणि टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. बेगिमाई तिथे ऑगस्टच्या शेवटी आली, एका सेमिस्टरपुरती, एक्स्चेंजवर. किर्गिझस्तानातल्या नारिनजवळच्या खेड्यातली, पाणी आणि बर्फ हा विषय शिकणारी. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांची दारं वाजवून सुके जर्दाळू वाटले. वर्ष वर्ष शेजारी राहून एकमेकांची नावं माहीत नसलेली पोरं दारात गोंधळून उभी राहिली. हिलेवीने जर्दाळू घेतले, आभार मानले आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी पुन्हा टकटक.

"माफ कर," बेगिमाई म्हणाली, "पण मी आले आणि तू दार लावलंस. इथे पुढे काय करायचं असतं? आमच्याकडे चहा विचारतात."

हिलेवीला हसू आलं. ती स्वतः आतल्या भागातली, लिक्सेलेजवळच्या गावातली. तिच्या गावात लोक हो म्हणायचं तर नुसता श्वास आत ओढतात. पण त्या दिवशी तिने चहा केला, आणि मग रोजच व्हायला लागला.

बेगिमाईची आई बुरुल, तिची 'आपा', गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. ती बोलून निरोप पाठवायची, मोठमोठ्याने, कारण मागे भांड्यांचा खणखणाट असायचा. बेगिमाई फोन साखरेच्या डब्याला टेकवून ते सगळ्या स्वयंपाकघराला ऐकवायची. हिलेवीला एकच शब्द ओळखता यायला लागला होता, "कुलुनुम". म्हणजे माझं शिंगरू. समोरच्या खोलीतला उनाई, बास्क मुलगा, तो शब्द आला की खिंकाळायचा, आणि बेगिमाई त्याला ओल्या फडक्याने मारायची.

नोव्हेंबरात निरोप लहान झाले. मग आपाच्या घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, असं दादाने कळवलं. त्यानंतर नुसतं लिहिलेलं यायला लागलं.

एलामानचा फोन आला त्या दिवशी संध्याकाळी बेगिमाई वर्गातून आली, टोपीवरचं बर्फ मोरीत झटकलं आणि फोन बघत म्हणाली, "आपा लिहिते, घसा बरा होतोय. डोकं उघडं ठेवू नकोस. वेळेवर जेव." थोडं थांबून म्हणाली, "आपा मास्तरीण झालीय बघ. वाक्य संपलं की पूर्णविराम. आधी अख्खा निरोप एका दमात लिहायची आणि शेवटी घोड्यांच्या चित्रांची रांग."

"दवाखान्यात वेळ असेल," उनाई म्हणाला.

"असेल," बेगिमाई म्हणाली आणि हिलेवीकडे बघितलं. हिलेवी कधीच धुऊन झालेलं पातेलं पुन्हा घासत होती.

त्या आठवड्यापासून हिलेवीचं जेवण कमी झालं. खिडक्याखिडक्यांतून नाताळच्या कागदी चांदण्या लागल्या होत्या, दुपारीच अंधारून यायचं. ती बेगिमाईला सोडून कुठे जायची नाही. वाचनालयात बरोबर, दुकानात बरोबर, बसथांब्यावर बरोबर. उनाई म्हणाला, "तुम्हा दोघींना कोणी एकत्र शिवलंय का?" बेगिमाईने फोन हातात घेतला की हिलेवी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहायची.

नाताळच्या बाजारात बेगिमाईला आईसाठी हातमोजे घ्यायचे होते. तिने जाड पांढऱ्या लोकरीची एक जोडी उचलली आणि म्हणाली, "हात दे."

"माझा का?"

"तुझा पंजा आपासारखाच आहे. रुंद. दे ना."

हिलेवीने हात पुढे केला. बेगिमाईने मोजा चढवला, बोटांची टोकं दाबून पाहिली, मनगट पाहिलं. "बसला," ती म्हणाली. "आपा घालणार नाही. पेटीत ठेवेल आणि शेजारणींना दाखवेल. पण बसायला हवा." हिलेवीने थंडीचं निमित्त करून डोळे पुसले.

त्या दिवशी तिने आईला, बार्ब्रोला, फोन केला. बार्ब्रो म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची आंघोळ, औषधं, जेवण बघायची. गेली कित्येक वर्षं हेच काम. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू तिला नाताळला इथे आणणार आहेस ना?"

"हो. इकडे सगळे घरी जातात, ती एकटी पडेल."

"मग आणण्याआधी सांग."

"मम्मा, ते त्यांच्या घरचं आहे."

"आई तिची मेलीय, हिलेवी. दादाची एकट्याची नाही. मोठी पोर आहे ती. मी तिला ताटात वाढू आणि तिच्या तोंडाकडे कशी बघू?"

हिलेवीने सांगितलं नाही. दोघी बसने गावी आल्या. बेगिमाईने दारातच बार्ब्रोला मिठी मारली आणि तिला "बार्ब्रो एजे" म्हणायला लागली. एजे म्हणजे ताई. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला तिची जीभ वळत नव्हती. बार्ब्रो तिला फारसं काही बोलली नाही, फक्त वाढत राहिली. बेगिमाई डुकराचं खात नाही म्हणून तिने वेगळा मासा केला होता, बटाटे केले होते, भात शिजवून दालचिनी घातली होती. जेवताना ती खिडकीबाहेर बघायची. दुसऱ्या दिवशी बेगिमाईने हिलेवीला विचारलं, "तुझी आई माझ्यावर रागावलीय का?"

"नाही गं. ती तशीच आहे."

"तशी नाही," बेगिमाई म्हणाली. "पहिल्या संध्याकाळी माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. झोपलेय असं समजून." एवढं बोलून तिने विषय सोडला, पुढे काही विचारलं नाही.

हिलेवी अंगणातल्या गाडीत जाऊन बसली, काचा लावून, आणि एलामानला फोन केला.

"तुम्ही सांगा तिला. आज. नाहीतर मी सांगते."

"काय झालं? कोणी लिहिलं का?"

"कोणी नाही. मला जमत नाही."

एलामान रागावला नाही. "ऐक. ती आली की गाडीतून आमच्या अंगणात उतरेल. वडील पुढे होतील. मावश्या, आत्या, शेजारणी, सगळ्या दारात असतील. ती कोसळेल, आणि कोसळली तर धरायला चाळीस हात असतील. सगळ्या मिळून रडतील. रात्रंदिवस कोणी ना कोणी तिच्या अंगाला अंग लावून बसेल. तुझ्याकडे किती हात आहेत?"

"तिने हातमोजे घेतलेत आईला."

"घेऊ दे."

"तुम्ही आईच्या नावाने लिहिता, आणि ती ते मला वाचून दाखवते."

"लिहिताना मला काय होतं ते तुला माहीत नाही," एलामान म्हणाला. "थोडेच दिवस राहिलेत. एवढे काढ."

हिलेवी गाडीतून उतरली तेव्हा तिने सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. आत टेबलावर बार्ब्रो आणि बेगिमाई चित्राचे तुकडे जोडत बसल्या होत्या, नाताळात बसतात तशा. होड्यांचं बंदर होतं, आकाश अजून जुळायचं होतं. बेगिमाई निळा तुकडा इकडेतिकडे लावून बघत म्हणाली, "उन्हाळ्यात आपाला इथे आणीन म्हणते. एजे, तुमच्याकडे राहिली तर चालेल? ती घोरते."

बार्ब्रो उठली आणि चुलीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली. हिलेवीच्या तोंडून आपोआप निघालं, "बेगिमाई, तुझी आई वारली. डिसेंबरच्या सुरुवातीला. मला एलामानने सांगितलं."

बेगिमाईने तुकडा हातातून ठेवला नाही.

"कोणत्या भाषेत सांगितलं?" तिने विचारलं.

"काय?"

"दादाने तुला. कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"मीही इंग्रजीतच ऐकलं," बेगिमाई म्हणाली. "आपाला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता."

हिलेवी तिच्याजवळ गेली. बेगिमाईने खुर्ची मागे सरकवली, उठली नाही.

"मला संशय होता," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "तो पहिला पूर्णविराम आला तेव्हापासून. म्हणून तर मी तिकडे फोन लावत नव्हते. दादा म्हणाला आवाज नाही, तर बरं म्हटलं. मैत्रिणींना विचारलं नाही. तुला विचारलं नाही. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, हिलेवी, तुला काही लपवता येत नाही. तरी मी विचारलं नाही. का, ते तुला कळलं नाही का?"

"मला वाटलं तुला हक्क आहे..."

"हक्क होताच. माझ्याजवळच होता. परीक्षेपर्यंत ती मला जिवंत हवी होती. घरी जाऊन माझ्या माणसांच्या तोंडून ऐकणार होते. तुला जड झालं म्हणून तू माझ्यावर टाकलंस."

हिलेवी टेबलावरचे निळे तुकडे एका बाजूला ओढत राहिली.

बेगिमाई उठून पायात मिळाले ते बूट घालून बाहेर गेली. हिलेवी मागे निघाली तसं बार्ब्रोने तिला हाताला धरून बसवलं, स्वतःचा कोट घेतला आणि ती गेली. बेगिमाई लाकडाच्या खोपटात होती. रचलेल्या ओंडक्यांकडे तोंड करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती आणि गात होती. रडणं आणि गाणं यांच्यामधलं काहीतरी, एकेक ओळ लांब ओढलेली, ओळीच्या शेवटी खाली पडणारी. मेलेल्याच्या मुली तिकडे तसं म्हणतात, आणि आत येणाऱ्या बायका त्यात आपला सूर मिळवतात. इथे सूर मिळवायला कोणी नव्हतं. ओळ संपली की ती थांबायची, आणि काहीच आलं नाही की पुढची सुरू करायची. बार्ब्रोने कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि शेजारी उभी राहिली. तिलाही ओंडक्यांकडेच तोंड करावं असं वाटलं. किती वेळ त्या उभ्या होत्या ते तिने हिलेवीला सांगितलं नाही. आल्या तेव्हा दोघींचे ओठ काळेनिळे पडले होते.

दोघी उमिओला परतल्या. बसमध्ये बेगिमाई पुढच्या सीटवर एकटी बसली.

हिलेवीला वाटलं होतं ती लगेच निघून जाईल. बेगिमाई गेली नाही. "माती झाली," ती म्हणाली. "आपा परीक्षा पुरी कर म्हणायची, आता गेले तर तेही मोडेल." ती रोज वाचनालयात जायची, ठरल्या वेळी यायची. आपाच्या नावाने निरोप येत राहिले, घसा सुधारतोय, बर्फ खूप पडलंय, नीट अभ्यास कर. ती वाचायची आणि उत्तर लिहायची. एकदा हिलेवी तिच्या मागून जाताना तिला थांबवून तिने फोन पुढे केला आणि शब्दाशब्दाला इंग्रजी करून सांगितलं. "मी बरी आहे आपा, तू गरम पाणी पी." मग फोन खिशात टाकून नळाखाली कप धरला.

एका गुरुवारी ती संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मोठ्या कढईत तेल तापवून ती पिठाचे चौकोनी तुकडे तळायला लागली. ते फुगून सोनेरी व्हायचे. सगळ्या बोळात तेलाचा वास भरला. उनाई सुट्टीवरून नुकताच परतला होता, तो वासावर धावत आला.

"कसली मेजवानी? लग्न ठरलं काय?"

"खा," बेगिमाई म्हणाली.

"काय म्हणतात याला?"

"बोरसोक. खा, आणि खाऊन झालं की बरं झालं म्हण. आमच्याकडे म्हणावं लागतं."

उनाईने तोंड भरून खाल्लं. "बरं झालं," तो म्हणाला, "फार बरं झालं. तुझी आई असंच करते का?"

"असंच करायची," ती म्हणाली, आणि उनाई दुसरा घास घेण्यात गुंतला होता म्हणून त्याच्या ते लक्षात आलं नाही. तो गेल्यावर तिने दोन्ही तळवे उघडून तोंडासमोर धरले, पुटपुटली, आणि चेहऱ्यावरून फिरवले. हिलेवी दारात होती.

"तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो," बेगिमाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "इथून पोचतो की नाही माहीत नाही." ताट तिने टेबलावर सोडलं. हिलेवीने एक बोरसोक उचलून खाल्ला. बरं झालं असं म्हणायला तिची हिंमत झाली नाही.

बेगिमाईने परीक्षा दिली. दोन दिवसांनी तिचं विमान होतं. हिलेवी बॅग उचलून बसपर्यंत आणि मग विमानतळापर्यंत तिच्याबरोबर गेली. बेगिमाईने नको म्हटलं नाही. तपासणीच्या रांगेआधी ती थांबली.

"एक काम कर. दादाला सांगू नकोस."

"काय?"

"मला कळलंय ते. महिनाभर त्यांनी काळजावर दगड ठेवून लपवलंय. वडील रोज मनात वाक्य जुळवत असतील. त्यांना बोलू दे. मला तिथे पहिल्यांदा ऐकायचंय."

"पण तू तर आता..."

"जमेल मला. आणि तुलाही जमेल. तीन आठवडे गप्प राहिलीच होतीस की."

हिलेवीने तिला मिठी मारली. बेगिमाईने तिच्या पाठीवर एकदा हात ठेवला, मग बॅग घेतली आणि रांगेत उभी राहिली. तिने वळून पाहिलं नाही. पुढे जाऊन तिने बूट काढून ट्रेमध्ये ठेवले, इतर सगळ्यांसारखे.

चार दिवसांनी एलामानचा फोन आला. मागे खूप बायकांचे आवाज होते, भांडी वाजत होती.

"पोचली ती," तो म्हणाला. "अंगणात उतरली. वडिलांनी सांगितलं. आधी दगडासारखी उभी राहिली, मग खाली कोसळली. आम्ही धरलं. अजून बायका तिच्याभोवती आहेत." मग तो म्हणाला, "त्या दिवशी फोनवर तू मला जे बोललीस, त्याचा मला राग नाही. तू शब्द पाळलास. तू मला बहिणीसारखी आहेस."

हिलेवीने डोळे मिटून घेतले. "ती कशी आहे?"

"रडतेय. रडायलाच हवं. वडील विचारताहेत, तुझ्या आईवडिलांची नावं काय? उद्या चाळिसावा आहे. दुआ मागताना घ्यायची आहेत."

"बार्ब्रो. आणि स्टेलान."

त्याने दोन्ही नावं म्हणून पाहिली.

"तिच्याशी बोलता येईल का?"

"आत्ता नाही. बायकांत बसलीय. मोकळी झाली की करेल."

फोन ठेवल्यावर हिलेवीने आईला लावला. बार्ब्रो कामावर होती, कोणाला तरी मोजे घालत होती. म्हणाली, थांब, आणि कानाशी फोन धरूनच काम संपवलं.

"त्यांनी तुझं नाव मागितलं, मम्मा. प्रार्थनेत घेणार आहेत."

"माझं? कशाबद्दल?"

"आपण तिला काही कळू दिलं नाही म्हणून."

पलीकडे कुठल्यातरी म्हाताऱ्याचा रेडिओ चालू होता. "तू त्याला खरं सांगितलंस?"

"नाही. तिनेच नको म्हटलं होतं."

"मीच तुला म्हटलं होतं, सांग म्हणून."

"हो."

"मला अजूनही तसंच वाटतं," बार्ब्रो म्हणाली, पण तिचा आवाज तितका ठाम नव्हता. "तुला?"

"मला माहीत नाही," हिलेवी म्हणाली.

बेगिमाईचा फोन आला नाही. हिलेवीने दोनदा लिहिलं, मग लिहायचं थांबवलं. महिनाअखेर शेजारच्या खोलीत पोर्तुगालची एक मुलगी राहायला आली. ती दिवसभर गाणी लावायची आणि कोणाचं दार वाजवायची नाही.